खंडेनवमीची रोषणाई

खंडेनवमीला गिरणीचा दरवाजा कामगारांच्या घरच्यांसाठी उघडायचा. यंत्रांची पूजा, नारळ, पेढे, आणि दरवाजापासून धुराड्याच्या टोकापर्यंत रंगीत दिव्यांच्या माळा. त्या वर्षी गिरणी तीन महिने बंद होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे परवा सकाळी, पहिली पाळी सुरू होईल अशी नोटीस लागली होती. तिथे विणकर असलेल्या महादेवप्पांनी त्या नोटिशीवर सगळा पावसाळा काढला होता. माळा लागल्याचं कळल्यावर त्यांनी ठेवणीतलं धोतर काढलं.

"बंद पाडायच्या गिरणीला कोन दिवं लावतंय?" ते दाक्षायणीला म्हणाले.

दाक्षायणी त्यांची एकुलती मुलगी, त्याच उन्हाळ्यात पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली. अप्पांना ऐकू येत नसे. सव्वीस वर्षं साच्यांच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रांच्या, खडखडाटात त्यांचे कान गेले होते. तिथे बोलायचं ते आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. लांबवरच्या माणसाचे ओठ वाचण्यात अप्पांचा हात कुणी धरू शकत नसे. घरीही ती त्यांच्याशी तशीच बोले.

आत शिरताना तिने धुराड्याकडे पाहिलं. दिवे टोकापर्यंत होते, धूर नव्हता. बॉयलरच्या खोलीपाशी तिने सहज विटांच्या भिंतीला तळवा लावला. भिंत देवळाच्या फरशीसारखी गार होती. एवढा मोठा बॉयलर घाईने पेटवत नाहीत; दोन दिवस मंद आगीवर तापवतात, नाहीतर सांधे फुटतात. परवा सकाळी साचे चालवायला वाफ हवी असती, तर आग आत्ता पेटलेली असायला हवी होती. तिने पुन्हा एकदा दिवसांचा हिशोब केला. चूक नव्हती.

अप्पा पुढे चालले होते, भराभर. आजच्या दिवस त्यांना सांगायचं नाही, असं तिने ठरवलं.

आपल्या दोनशे बारा नंबरच्या साच्याला त्यांनी झेंडूची माळ घातली. नारळ तिला फोडायला सांगितला. विणकाम खात्याच्या पार दुसऱ्या टोकाला मॅनेजर एका परक्या माणसाशी बोलत उभा होता. ऐकू येण्याजोगं अंतर नव्हतं. नारळ फोडून तिने मान वर केली, तेव्हा अप्पा तिकडेच बघत होते. मग ते साच्यासमोर बसले आणि तुटून लोंबणारे उभे धागे एकेक करून गाठू लागले.

शेजारच्या साच्यावरचे संगप्पा पेढा चघळत आले. "सणाला बी हजेरी व्हय, महादेवप्पा? परवासाठी कायतरी ठेवा की."

अप्पा त्यांचे ओठ वाचून हसले आणि पुढचा धागा उचलला. दाक्षायणीने सतरा गाठी मोजल्या. प्रत्येक गाठीला तिला वाटे, आता हात धरावा. तिला ते जमलं नाही.

परतताना मात्र तिला राहवेना. दरवाजाच्या अलीकडे, माळेचा उजेड तोंडावर पडेल अशी ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि नुसते ओठ हलवले. "अप्पा, बॉयलर गार आहे. परवा गिरणी सुरू होणार नाही."

"ठावं हाय," अप्पा म्हणाले.

कधीपासून, तिने विचारलं.

"तू नारळ फोडत व्हतीस तवा. मॅनेजर त्या पावण्याला म्हनला, साचे मोडून वजनावर न्या, दिवाळीच्या आत." त्यांनी वर माळेकडे बघितलं. "दिवं आपल्यासाटीच लावल्यात. तवर गप ऱ्हावं म्हनून."

म्हणजे गाठी त्यानंतरच्या. "मग धागे कशाला जोडलेत?"

"तुटका धागा तसाच सोडून मी कदी घरी आलो न्हाय," ते म्हणाले.

दरवाजावर रोजच्यासारखा रखवालदार होता. पाळी सुटली की कामगारांची झडती घेणं हे त्याचं काम. आज तो स्टुलावर बसून दिवे बघत होता. अप्पा त्याच्यासमोर थांबले आणि रोज पाळी सुटल्यावर करायचे तसे त्यांनी दोन्ही हात वर केले. आज सण आहे, जा, असं त्याने हातानेच खुणावलं. अप्पा हलले नाहीत. मागे माणसं खोळंबली, कुणीतरी हसलं. हात वर धरून ते तसेच उभे राहिले. शेवटी रखवालदार उठला आणि त्याने अप्पांचे दोन्ही खिसे नीट चाचपून पाहिले.