तेहतीस अंशांवरचा माणूस

मित्रांनो, मी रुग्णाचे अंग थंड करणारे एक जुने यंत्र आहे. वसईतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात राहते. माझ्या टाकीतले गार पाणी नळ्यांमधून रुग्णाखालच्या गादीत फिरते. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाले, तरी काही जण शुद्धीवर येत नाहीत. त्यांचे अंग काही काळ गार ठेवले तर मेंदूला आराम मिळतो. काहींना त्याचा उपयोग होतो, सगळ्यांना नाही.

गेल्या वर्षी जवळच्या गिरीज गावचे ॲन्सेल्मकाका केळीला पाणी सोडताना वाडीतच कोसळले. शेजारच्या लूर्डसबाईंनी रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांची छाती दाबत ठेवली. हृदय सुरू झाले, पण काका बेशुद्धच होते.

डॉक्टर ज्ञानदांनी मला आणायला सांगितले. आठ महिने मी कोपऱ्यात पडून होते, अंगावर चादरींचे गठ्ठे. पण तंत्रज्ञ सदानंद दर महिन्याला ते उतरवून मला चालवून बघत. त्यामुळे बटण दाबताच मी सुरू झाले.

संध्याकाळी सालोमीकाकू आत आल्या. नवऱ्याचा हात धरला आणि दचकल्या.

"गार पडलेत हे! डॉक्टर, खरं सांगा, गेलेत ना?"

"नाही हो, काकू. आम्हीच गार केलंय त्यांना. हृदय चालू आहे, बघा इथे. एरवी अंग सदतीस अंश सेल्सिअस असतं, उद्यापर्यंत तेहतीस अंशांवर ठेवू, मग हळूहळू ऊब देऊ."

"मग उठतील?"

"ते आत्ता सांगता येणार नाही."

काकूंनी सवयीने चादर काकांच्या पायांवर ओढली. नर्स विनिताने ती हळूच काढून घेतली. आपल्या माणसाला गारठू द्यायचे, हे काकूंना फार जड गेले.

दुसऱ्या दिवशी मी तासाला पाव अंश ऊब देऊ लागले. चौथ्या दिवशी काकांनी डोळे उघडले. बायकोचे नाव आठवायला मात्र आणखी दोन दिवस लागले. ते दोन दिवस काकू त्यांच्यासमोर बसून स्वतःचेच नाव सांगत राहिल्या.

त्याच महिन्यात आणखी एक आजी आल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. त्यांच्यासाठीही मी तितकेच काम केले होते.

मित्रांनो, तुमच्या शाळेत प्रथमोपचाराची पेटी असेल, जिन्यात आग विझवायचे लाल नळकांडे असेल. लागत नाही म्हणून त्यांना विसरू नका. उद्या जाऊन पेटी उघडून बघा. आतले काही संपले असेल, तर बाईंना सांगा.