दोन तोताराम आणि एक किल्ली

वाचकहो, यंत्रास दिलेली एक चुकीची आज्ञा आणि मुखातून वेळेवर न निघालेले एक सत्य, या दोहोंनी लग्नमंडपात काय घडविले, ते आता यथामती निवेदन करण्यात येत आहे.

पारोळ्याच्या कार्यालयात पाणी नसल्यामुळे निंबानानांनी कन्या भाविका हिचे लग्न ऐनवेळी धुळ्यास हलविले. पाहुण्यांना निरोप धाडण्याचे काम शेजारच्या तौसिफने अंगावर घेतले. तो प्रोग्रामिंग शिकत होता. नानांच्या मोबाईलमधील माहिती त्याने संगणकात घेतली: नंबर ही किल्ली, म्हणजे शोधण्याची खूण; नाव हे मूल्य, म्हणजे त्या खुणेवर सापडणारी नोंद. त्यास नावाने नंबर हवा होता, म्हणून एका आज्ञेत त्याने दोहोंची अदलाबदल केली. नाव हीच किल्ली झाली. परंतु एकसारख्या दोन किल्ल्या तेथे नांदत नाहीत. मागून येणारी पहिलीला निमूटपणे पुसून टाकते.

मुहूर्त जवळ आला तरी वधूचे मामा तोताराम दिसेनात. आचारी तोताराम मात्र हजर.

"निरोप गेला ना रे?" नानांनी विचारले.

"बठ्ठ्यांना, एकूण एकाला गेला, नाना," तौसिफ छातीठोकपणे म्हणाला.

"म्हणजे मुद्दाम आला नाही. आता फोन करून त्याच्या पाया पडू काय?"

"मग आचारीच उभा करा नाना, तोबी तोतारामच शे!" मागून कुणीतरी टोमणा हाणला.

नानांच्या मोबाईलमध्ये दोघेही नुसत्या 'तोताराम' नावाने होते; मागून आलेल्या आचाऱ्याने मामांचा नंबर पुसला होता. तौसिफला चूक उमगली. ओठ हलले, परंतु चारचौघांत मान खाली जाईल या भयाने शब्द फुटला नाही. मंगलाष्टके सुरू झाली. भाविकाच्या पाठीशी मामांची जागा रिकामीच राहिली.

अक्षता पडल्यावर मामा धापा टाकीत आले. साक्रीहून निघून, धुळे ओलांडून, ते पारोळ्याच्या कुलूपबंद दारापर्यंत जाऊन परतले होते. नानांनी तोंड फिरविले. तेव्हा मात्र तौसिफला राहवेना. त्याने सर्व सांगितले.

"मला आधीच कळलं होतं, मामा. मी गप्प बसलो."

मामांनी घाम पुसला. "काय रे भाऊ, तुना यंत्रमा एकच तोताराम मावस का? दुसराले जागाच नही?"

मंडप हसला. नाना मात्र खाली मान घालून मामांच्या जवळ गेले. भाविका मामांच्या खांद्यावर डोके टेकून रडली. मामांनी तौसिफला पंगतीत शेजारी बसविले, आग्रहाने वाढले. ते "घे रे" म्हणत, आणि तो अधिकच खाली पाही.

आपण आपला अमूल्य वेळ दिलात, याबद्दल हात जोडून आभार मानतो.

आपला नम्र,
अतिक अय्युब मन्यार, पारोळा