बिनपंख्याचा डबा

दोन पात्यांमधली फट एवढीच होती, की विजयश्रीची करंगळी आत जाई आणि अंगठी वर अडे. अॅल्युमिनियमच्या अशा पात्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. आतली उष्णता त्यांच्यातूनच बाहेर जायची, पंखा नव्हताच. डबा तिच्या नवऱ्याने, धम्मरत्नने, भोसरीच्या आपल्या वर्कशॉपात स्वतः घडवला होता.

कारण तिनेच पुरवलं होतं. चाकणच्या कंपनीतली डिझाइनची नोकरी सोडून वर्कशॉपात यायचं का, हे तिने वर्षभर लोंबकळत ठेवलं होतं. विचारलं की म्हणायची, "या जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याच्या घरघरीत मला काही सुचत नाही."

धम्मरत्नने बटण दाबलं. चिडीचूप. "आता बोला, मॅडम."

"आधी चाचणी." एक जड ड्रॉइंग चालू ठेवून ती चहा टाकायला गेली. तोही मागोमाग गेला, उत्तराच्या आशेने. परत येऊन पाहतात तर स्क्रीन काळी.

चला, सुटले, असं वाटायला हवं होतं. विजयश्रीला वाईट वाटलं. हे तिने मनाशी नोंदवलं.

"प्रोसेसर डब्याला नीट टेकलाय ना?"

"टेकलाय."

"पृष्ठभाग सपाट आहे?"

"आरसा केलाय. भांग पाडून घे त्यात."

पात्या किती तापल्यात ते बघायला तिने टेबलाखाली हात घातला. हाताला लोकर लागली. लाल, झालर लावलेली. घरातला मिक्सर, शिलाई मशीन, टीव्हीचा रिमोट, सगळ्यांच्या अंगात तसंच विणलेलं झबलं होतं.

"आई!" धम्मरत्न ओरडला.

अंबुबाई सुई हातात घेऊनच आल्या. "कामून ओरडतो रे? नवी वस्तू उघडी ठेवत असतेत का? मोशीत धूळ काय कमी हाय? चांगलं मापानं विणलंय."

"अगं, गुदमरला तो!"

"तूच म्हणलास, पंखा नाई. मला वाटलं, याला वारं सोसत नसंल."

विजयश्री खाली बसूनच हसत सुटली. झबलं उतरवलं, डबा निवू दिला, पुन्हा चालू केला. ड्रॉइंग फिरत राहिलं. पात्या हाताला सोसतील एवढ्याच तापल्या. खोलीत आवाज उरला तो धम्मरत्नच्या चहाच्या घोटाचा.

"अजून काही त्रास? घड्याळ काढू भिंतीवरून?"

तिने झबल्याची घडी घातली, सासूच्या हातात दिली आणि म्हणाली,

"सोमवारी राजीनामा देते."