चिलखताला हंड्याची चाल

चिलखत घालून माणूस घरातल्या घरात शिडी चढतो-उतरतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला येड्यात काढलं असतं. पण दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात माझ्या घरात रोज सकाळी हेच चालायचं. चढणारा माझा नवरा, कोंडू. नाव घेतलं म्हणून माझी जीभ काय झडत नाय. त्याचं वय अठ्ठावन्न, आणि खाली उभी राहून फेऱ्या मोजणारी मी, सुंदरा. ओट्यावर कुणी आलं की आतला खळखळाट ऐकून विचारायचं, भांडी घासतेस का आपटतेस गो. मी म्हणायची, आपटते, तुला काय करायचंय.

आमची वाडी किन्हवलीच्या अलीकडं. मागं टेकडी, टेकडीवर वाघजाय, म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. दसऱ्याला आमच्या घरातलं चिलखत तिच्या भेटीला जातं. लोखंडाच्या कडीत कडी अडकवून विणलेलं, गुडघ्यापर्यंत येणारं, किराणावाल्याच्या काट्यावर चौदा किलो भरलेलं. घरातल्या कुणा पूर्वजाला माहुलीच्या गडावर चाकरीला असताना मिळालं म्हणतात. शहापूरचा एक मास्तर बघून गेला आणि एवढं जुनं वाटत नाय म्हणाला, तर माझ्या सासऱ्यांनी त्याला चहासुद्धा दिला नाय.

नियम एकच. चिलखतानं आमचा उंबरा ओलांडला की देवीच्या दगडाला टेकेपर्यंत त्याला जमीन लागता कामा नये. घालणारा उभ्या उभ्या थांबला तर चालतं. तो बसला की चिलखत बसलं. मागून दुसऱ्या घरचा माणूस खांद्यावर घोंगडीची घडी घेऊन चालतो. पुढचा बसायला लागला की यानं घोंगडी पसरायची, म्हणजे निदान लोखंड मातीला लागत नाय. आणि लागोपाठ तीन वर्षं घोंगडी पसरावी लागली तर तिसऱ्या वर्षी चिलखत त्या घोंगडीतूनच दुसऱ्या घरी जायचं. ते दुसरं घर म्हणजे माझा चुलत दीर धर्मा.

पहिल्या वर्षी, दोन हजार एकच्या दसऱ्याला, आमच्या यांना हिवताप होता, टेकडीच्या निम्म्यात आंब्याखाली बसले. कुणी काय बोललं नाय. दुसऱ्या वर्षी अंगात ताप नव्हता, काय नव्हतं, तरी त्याच आंब्याखाली बसले. धर्मानं घोंगडी पसरली, हात धरून यांना उठवलं आणि हळूच म्हणाला, दादा, आमी हाये ना मागं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पंचेचाळिशीचा गडी, रेड्यासारखा मजबूत, त्याला मागं राहायचं कशाला असंल? घरी येऊन मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. आमचे हे म्हणाले, धर्मा वाईट नाय. मला तर वाटलं माझाच माणूस त्याला फितूर झालाय.

आता तुमी म्हणाल पोरगा कुठं गेला. आमचा अक्षय कल्याणला कंपनीत, तिथंच खोली घेतलेली. पोरगा चांगला हाय, मी नाव ठेवणार नाय. त्या दिवाळीला आला तेव्हा चिलखत अंगात घातलं, बायकोकडून फोटो काढून घेतला आणि दहा मिनिटांत उतरवलं. म्हणाला, बाबा तुमी कशाला जीव काढता, मी याला काचेची शोकेस करतो, हॉलमध्ये मस्त दिसंल. यांनी त्याच्या हातातून चिलखत घेतलं, खुंटीला अडकवलं आणि मागच्या दारी जाऊन बसले. मला वाटलं गुडघा दुखत असंल.

तिसरं वर्ष आलं. वैशाखात एके सकाळी उठून म्हणाले, औंदा मी बसणार नाय. एवढंच. आणि पाठीवर पंधरा किलो भाताचं पोतं घेऊन टेकडी चढायला लागले. पहिल्या दिवशी आंब्यापर्यंत, दहाव्या दिवशी वरपर्यंत. लावणीच्या आधी तर पोतं घेऊन न थांबता जाऊन यायचे. मी मनातल्या मनात देवीला नारळ बोलले. धर्माच्या तोंडासमोरून मुद्दाम ताठ मानेनं पाण्याला गेले.

लावणी आटोपली, आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं, एकदा खरं चिलखत घालून बघू. दसऱ्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर काढायचं नाय, पण उंबऱ्याच्या आत देवीला काय बोलायचंय? आमच्या माळ्याला बारा पायऱ्यांची शिडी. हे चढले, उतरले, परत चढले. चौथ्या फेरीला तोंड लाल, श्वास कोंडलेला, आणि मटकन पायरीवर बसले. अडीच महिने पोतं वाहिलेला माणूस. मला बघत म्हणाले, सुंदरा, संपलो गो मी.

माझ्या तोंडातून शिवीच निघाली. परत चढा म्हटलं, मला बघू दे. दुसऱ्यांदा चढताना माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं बापये ओझं वाहतात ते पाठीवर, वाकून. पोतं पाठीवर बसतं, म्हणून वाकलं की बरं पडतं. चिलखत बसत नाय, खांद्यावरून लोंबतं. वाकलं की चौदाच्या चौदा किलो पुढं येऊन छातीला लटकतात, मग श्वास जायचा कुठून? जवानीत ताकदीवर निभावलं असंल. अडीच महिने आमी अगदी मन लावून चुकीची गोष्ट शिकलो होतो.

ओझं ताठ कुणी वाहायचं? बाईनं. एप्रिलात विहीर तळाला गेली की खालच्या झऱ्यावरून डोक्यावर दोन हंडे आणि काखेत कळशी घेऊन मी तीस वर्षं तो चढ चढतेय. मान ताठ, पाऊल वीतभर, पाय टाकताना श्वास सोडायचा आणि तोंड बंद. मी सांगितलं, हंड्याची चाल चाला. तर म्हणतात, लोकांत बायकांसारखा चालू? मी म्हटलं, मग लोकांत बापयासारखं बसा.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शिडी. डोक्यावर आधी रिकामा तांब्या ठेवला, म्हणजे मान वाकली की पडायचा. पहिल्या आठवड्यात त्या तांब्याला इतके पोचे पडले की अजून तो सरळ उभा राहत नाय. मग तांब्या भरला. हे भिजायचे, मी ओरडायची. एका सकाळी बांबूची पायरी मोडली आणि हे खळकन खाली. मी आधी चिलखत बघितलं, मग नवऱ्याला. त्यावरून दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं, पण शिडी चुकली नाय. दोन दिवस मी बोटांनी फेऱ्या दाखवल्या. त्यांनी ऐनाच्या लाकडाच्या बारा पायऱ्या घालून घेतल्या. दहा फेऱ्यांच्या वीस झाल्या, गणपतीत चाळीस, घट बसले तेव्हा साठ. चाळिसाव्या फेरीला दर वेळी पाय थरथरायचे. मी "एकेचाळीस" म्हटलं की पाऊल उचललं जायचं. ते का, ते मला ठाऊक नाय. त्यांनाही नसंल.

घामानं कड्या गंजायला लागल्या, म्हणून महिन्याची साफसफाई मी आठवड्यावर आणली. गोणपाटात चिलखत आणि भाताचं तूस घालून दोघांनी दोन टोकं धरून हलवायचं, मग करंजाच्या तेलाचं फडकं फिरवायचं. डाव्या काखेतल्या कड्या आधी गंजतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं हे काम माझ्या हातात दिलं. या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेच एक काम होतं.

दसरा उजाडला. ऊन असं की भाताची लोंबी दुपारपर्यंत वाळावी. ढोल पुढं, मग हे, मागं घोंगडी घेतलेला धर्मा, त्याच्यामागं आरतीची ताटं घेतलेल्या आमी बाया. उंबरा ओलांडला आणि हे हंड्याच्या चालीनं निघाले. वीतभर पाऊल, मान ताठ. पोरं हसली. मोठी माणसंही हसली. कुणी म्हणालं, कोंडूआज्या, कळशी इसरलास की. यांनी मान वळवली नाय.

आंब्यापाशी थांबले. उभे. पाय थरथरताना मला मागून दिसत होते. ढोलवाले थांबले, सगळी वाडी बघत राहिली. मी धर्माकडं बघितलं, आता घडी मोडतो का म्हणून. त्यानं घोंगडी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती. बायांनी पुढं जायचं नसतं. मी ताट बाजूच्या बाईच्या हातात दिलं, पुढं गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं,

"एकेचाळीस."

पाऊल उचललं. बेचाळीस. त्रेचाळीस. शिडीच्या एका फेरीएवढी पावलं झाली की मी पुढचा आकडा म्हणत होते, हे चढत होते, आणि माझ्या मागून अजून एक आवाज मोजायला लागला, तो धर्माचा होता. साठ संपले तरी टेकडी संपली नव्हती. आमी परत एकापासून धरलं. दुसऱ्या वेळच्या बत्तीसला यांनी वाकून छातीवरच्या कड्या देवीच्या दगडाला टेकवल्या. मी तिथंच रडायला लागले. माझं घर राहिलं, माझं काम माझ्याकडं राहिलं, माझा माणूस बसला नाय.

देवीला टेकलं की चिलखत उतरवायचं आणि घोंगडीत घालून आमच्या घरी आणायचं, ही रीत. यांनी उतरवलं. पण घोंगडीत घातलं नाय. दोन्ही हातांनी उचललं आणि धर्माच्या अंगात घातलं. धर्मा उभाच राहिला. म्हणाला, "दादा, तुमी बसला नाय."

"म्हणून तर देता येतंय," हे म्हणाले. "बसलो असतो तर तू नेलं असतंस. आज मी देतोय. पुढच्या दसऱ्याला ते तुझ्या उंबऱ्यातून निघंल."

मला तर भर उन्हात अंगावर कुणी थंड पाणी ओतल्यासारखं झालं. पाच महिने माझं रक्त आटवलं ते धर्माची धन करायला? घरी येऊन रिकामी खुंटी बघितली आणि मग माझं तोंड सुटलं, ते दिवेलागणीपर्यंत. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अक्षयच्या शोकेसात ते कायमचं बसंल गो. मी किती वर्षं चढणार?"

ज्या पोराची मी कधी कुणापुढं तक्रार केली नाय त्याचा मला राग आला, आणि या माणसाची कीव आली. दिवाळीपासून हे पोटात ठेवून एकटा शिडी चढत होता. मला सांगितलं असतं तर मी मोजलं नसतं, हेही त्याला ठाऊक होतं.

महिनाभर मी धर्माच्या घराकडं बघितलं नाय. पण साफसफाईचा दिवस आला आणि हात करंजाच्या बाटलीकडं गेला. शेवटी बाटली, गोणपाट आणि सूपभर तूस घेऊन गेलेच. तर धर्माची बायको देवकी घरातल्या मोरीपाशी घमेल्यात साबणाचं पाणी करून चिलखत त्यात बुडवायला निघालेली. मी घमेलं लाथेनं उलटं केलं. मग तिला खाली बसवलं, गोणपाटाचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि डावी काख दाखवली.

पुढच्या श्रावणात एका सकाळी आमी दोघं ओट्यावर चहा पीत होतो. धर्माच्या घरातून खळखळ ऐकू आली. चढतोय, उतरतोय. यांनी कप खाली ठेवला आणि कान दिला. पाचव्या फेरीला खळखळ जड झाली, मधेच अडकायला लागली.

"वाकतोय," हे म्हणाले.

मला तेव्हाच कळलं होतं. मी आमचा पोचे पडलेला तांब्या भरून घेतला, पदर खोचला आणि धर्माच्या घरी गेले.