रंगनाथरावांचा हात

रंगनाथरावांनी रिमोटची दोरी उजव्या मनगटात अडकवली, दातओठ खात हात मागे नेला आणि टीव्हीच्या दिशेने झोकून दिला. पडद्यावरचा चेंडू घरंगळत गेला. बोलिंगच्या दहाच्या दहा पिना आडव्या!

"कमाल आहे बाबा तुमची!" सून हेमा म्हणाली.

रंगनाथरावांच्या अंगावर मूठभर मांस चढले. आयुष्यभर चित्रकला शिकवणारा हा हात अर्धांगाच्या झटक्याने लुळा पडला होता. ब्रश सोडाच, चमचाही धरवत नव्हता. दिवाळीत मुलगा आमोद कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला आणि येताना हात हलवून खेळायचा हा व्हिडिओ गेम घेऊन आला. तेव्हापासून कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये रंगनाथराव दर रविवारी सगळ्यांना धूळ चारत होते. हात परत आला होता, दुसरे काय! उद्यापासून चित्रकलेचा वर्ग सुरू, असे त्यांनी सोसायटीभर सांगूनही टाकले होते. पाच मुलांची नावे आली होती.

हेमाच्या बहिणीचा चार वर्षांचा साई आज पहिल्यांदाच आला होता. त्याने हट्ट धरला.

"बाबा, तुमचा रिमोट द्या हो त्याला जरा," हेमा म्हणाली.

साईने हात फिरवला. चेंडू जागचा हलला नाही. त्याने पुन्हा फिरवला.

"हा बंदच आहे!"

रंगनाथरावांनी वळून पाहिले. सोफ्यामागे उभ्या असलेल्या ओवीने, त्यांच्या नातीने, दुसरा रिमोट पाठीमागे लपवला, पण तिला हसू आवरेना.

"अरे, त्यात सेलच नाहीत. आजोबा लिंबूटिंबू आहेत. त्यांचा डाव मीच खेळते."

"म्हणजे... दिवाळीपासून?" रंगनाथरावांनी विचारले.

आमोद टीव्हीचा आवाज कमी करू लागला. रंगनाथरावांना रागापेक्षा लाजच जास्त वाटली.

साईने भोकाड पसरले. "मला नाही लिंबूटिंबू व्हायचं!"

"नाही हं राजा." हेमाने ड्रॉवरमधून दोन नवे सेल काढून रिमोटमध्ये बसवले. "हा घे, खरा खरा. आणि बाबा, उद्याची काळजी करू नका. त्या मुलांच्या आयांना मी कालच नाही म्हणून कळवलंय."

साईच्या चेंडूने दोन पिना पडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगनाथरावांनीही वाजवल्या, डाव्या हाताने, मांडीवर.