पेंटरची पाठ

पेंटरला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नसे. दुकानांच्या पाट्या रंगवायचा म्हणून तो पेंटर, आणि अंगानं काडी म्हणून त्याची लेक काडी. बाप-लेकीला वेड एकच, अक्षराचं. काडीच्या हातात पेन्सिलीआधी ब्रश आला. बाप हात धरून गिरवून घ्यायचा, आणि वेलांटी जरा कलली की टर्पेंटाइनची चिंधी फिरवून म्हणायचा, "पुसलं. पुन्हा काढ." पाटीचं ठीक आहे हो! ती वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर लटकणार, तिथं वाकडं अक्षर म्हणजे चारचौघांत शोभा. काडीचा हात इतका बसला की प्रत्येक पाटीचं शेवटचं अक्षर तिनंच रंगवायचं, असा घरात नेमच होऊन गेला.

बारावीची प्रिलिम झाली आणि वर्गशिक्षिकेनं पेंटरला शाळेत बोलावलं. इतिहासाची उत्तरपत्रिका पुढ्यात ठेवली, तर हा गडी खूश! खोडलेलं सोडलं तर एकेक ओळ म्हणजे मोत्यांचा सर.

"वा!" तो म्हणाला.

"पान उलटा," बाई म्हणाल्या.

पुढची पानं कोरी होती. पेंटरनं ती उलटसुलट करून पाहिली.

"तिला सगळं येतं हो," बाई म्हणाल्या. "तोंडी विचारा, घडाघडा सांगते. पण एक अक्षर बिघडलं की खोडते, पुन्हा काढते, आणि तेवढ्यात घंटा होते. अक्षराला मार्क नसतात. बोर्डात असंच केलं तर पोरगी नापास होईल."

नापास झाली की नर्सिंगचा प्रवेश गेला. आणि नर्स व्हायचं हे काडीनं लहानपणीच ठरवलेलं. घरात कुणाला खरचटलं तरी ही बँडेजपट्टी घेऊन हजर. पेंटर घरी आला तो तोंड पाडूनच. चहासुद्धा नको म्हणाला. मग चप्पल काढता काढता त्यानं फर्मान सोडलं, "काडे, आजपासून वाईट लिहायचं!"

काडीची आई शिलाई मशीनवर बसली होती. तिला हसू आवरेना. "आयुष्यभर पुसलं, पुन्हा काढ, आणि आता म्हणे वाईट लिही. पोरीनं ऐकायचं तरी कुणाचं?"

काडीनं मात्र मनावर घेतलं. रोज संध्याकाळी ती टेबलाशी बसायची, एक प्रश्न घ्यायची आणि लिहायला लागायची. पेंटर समोर खुर्ची टाकून बसायचा, घड्याळ घेऊन. "पळव हात, पळव," असं तोंडानं म्हणायचा, पण डोळे कागदावर. जित्याची खोड ती! काडीचा एखादा क जरा फेंगडा झाला की बापाची भुवई वर जायची. तो बोलायचा नाही हं, अवाक्षर नाही. पण काडी मान वर करून बघायची, भुवई दिसायची, आणि पेन थांबायचं. मग खोडाखोड. एके दिवशी तिनं पेन आपटलं आणि ढसाढसा रडली. "मला नाही जमत, बाबा! हात पुढं जातच नाही."

आईनं मशीन थांबवलं. ती इतके दिवस कापडाआडून दोघांना न्याहाळत होती.

"रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," ती म्हणाली. "अहो, तुम्ही रॉकेल आणायला गेलात ना मघाशी, तेव्हा ही पानभर लिहून मोकळी झाली होती. तुम्ही आलात आणि गाडी अडली. घोडं इथं पेंड खातंय! तुम्ही आधी उठा."

पेंटरला ते लागलं. फार लागलं. ज्या नजरेनं पोरीचं अक्षर घडवलं, तीच नजर तिच्या वाटेत आडवी आली होती, आणि हे त्याला बाईंनी कोरी पानं दाखवूनही कळलं नव्हतं. तो गुपचूप उठून मागच्या शेडमध्ये गेला आणि डबे आवरत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानंच काडीचं टेबल शेडमध्ये नेलं. स्वतः तिच्याकडे पाठ करून पाटीसमोर उभा राहिला. "तू लिही. मी वळणार नाही. परीक्षा संपेपर्यंत तुझं एक अक्षर बघणार नाही."

"आणि बघावंसं वाटलं तर?"

"तर ब्रश चावीन."

मग रोज तसंच चाललं. पुढं पाटी, मागं पोरगी. पेनाची खरखर ऐकू यायची. ती थांबली की पेंटरचा जीव खालीवर व्हायचा, मान वळू बघायची, पण पठ्ठ्या हलायचा नाही. "काय गं, थांबलीस का?" एवढंच तो पाटीला विचारायचा. लिहून झालं की काडी उत्तर वाचून दाखवायची, आणि तो तिच्या क्रांत्या नि तह ऐकत रंग भरायचा. हळूहळू खरखर थांबेनाशी झाली.

त्या दिवसांत समोरच्या न्हाव्याची पाटी चालू होती. केशकर्तनालय. शेवटचा य काडीचा, आणि काडीला ब्रश धरायला परीक्षा संपेपर्यंत बंदी. पेंटरनं तो स्वतः भरायला ब्रश उचलला आणि परत ठेवला. न्हावी बिचारा वाट बघून वैतागला आणि पाटी तशीच नेऊन दुकानावर टांगली. दर दोन दिवसांनी शेडच्या दारात उभा राहायचा.

"अहो पेंटर, केशकर्तनाल! लोक घोडे घेऊन येतील आता नाल ठोकायला!"

"रंग सुकतोय," पेंटर म्हणायचा.

"जो लावलाच नाही तो?"

इतिहासाचा पेपर शेवटचा होता. पेंटर परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभा राहिला. घंटा झाली, पोरं लोंढ्यानं बाहेर आली, आणि सगळ्यांच्या मागून काडी. बोटं शाईनं माखलेली. पेंटरला विचारायचा धीर होईना.

"झाला," काडी म्हणाली. "सगळा. शेवटचं उत्तर संपलं आणि मग घंटा झाली."

"मध्ये कुठं अडलीस?"

"एकदा. एक क इतका घाण आला, बाबा, की हात खोडायला गेलाच. मग तुमची पाठ आठवली. पेपरभर समोर तुमची पाठच दिसत होती."

पेंटरनं नाक पुसलं आणि उगीचच रस्त्याकडे बघितलं. मग दोघं बोलत बोलत घरी आली. काडीनं शाईचे हात धुतले, ब्रश घेतला, आणि शिडी घेऊन दोघं न्हाव्याकडे गेली. न्हावी कात्री हातात घेऊन बाहेर आला, त्याचं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही आलं.

काडी शिडीवर चढली. पेंटरनं एका हातानं शिडी धरली आणि तो सवयीनं पाठ वळवून उभा राहिला. वरून ब्रशचा आवाज येईना. तो तसाच थांबला.

"बाबा," काडी वरून म्हणाली, "आता बघा ना."