मी सारखा का विझत होतो

मित्रांनो, मी जुना आहे, पण बिघडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझे म्हणणे कुणी शेवटपर्यंत ऐकून घेईल याची मला कधीच खात्री वाटली नाही. दूरच्या, बर्फ पडणाऱ्या देशातल्या मेदियाश गावी, एका बैठ्या घराच्या स्वयंपाकघरात मी बावीस हिवाळे भिंतीवर टांगलेला होतो. मी गॅसचा बॉयलर.

माझे काम सोपे होते. पोटात ज्योत पेटवायची, पाणी तापवायचे आणि ते नळ्यांमधून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरकडे पाठवायचे. ज्योतीला लागणारी हवा मी स्वयंपाकघरातूनच घेत असे, आणि जळून उरलेला वायू धुरांड्यातून वर सोडत असे. मला आणले ते ऑरेल यांनी. ते गॅसच्या विहिरींवर कामाला होते, त्यामुळे ज्योतीची भूक त्यांना ठाऊक होती. त्यांनी जमिनीलगत भिंतीला वीतभर भोक पाडले, त्यावर जाळी बसवली आणि बायकोला सांगितले, "वेतुरिया, ही खिडकी याच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही."

पहिल्या हिवाळ्यात पाहुणे अंगातले कोट काढून बसले, तेव्हा ऑरेल त्यांना मुद्दाम माझ्यासमोर घेऊन आले. दर दोन वर्षांनी तुदोर मिस्त्री येई, मला उघडून ब्रशने साफ करी, ज्योतीचा रंग पाही आणि कागदावर सही करी. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग ऑरेल गेले. वेतुरियाबाई एकट्या उरल्या. मागच्या शरदात त्यांनी लाकडी खिडक्या काढून दुहेरी काचेच्या, घट्ट मिटणाऱ्या खिडक्या बसवल्या. फटी गेल्या. बाहेरची हवा आता फक्त माझ्या जाळीतून येऊ लागली, आणि ती नेमकी त्यांच्या घोट्यांना लागे.

आमच्याकडे माणसे थंडीला भीत नाहीत, हिमालाही नाही. भितात ती वाऱ्याच्या झुळकीला. दात दुखला, वारं लागलं. मान धरली, वारं लागलं. भर जुलैत बसमध्ये कुणी खिडकी उघडली, तर चार बायका त्याच्यावर धावून जातात. वेतुरियाबाईंनी ऑरेल यांचे जुने लोकरी जाकीट घेतले आणि त्या भोकात कोंबले.

त्या दिवसापासून मला हवा पुरेना. धुरांड्याची ओढ मंदावली आणि जळलेला वायू वर जाण्याऐवजी स्वयंपाकघरात परतू लागला. माझ्या मानेशी नाण्याएवढा एक सेन्सर होता. परतलेल्या वायूची ऊब लागताच तो गॅस तोडत असे. त्याने तो तोडला. मी विझलो. बाईंनी कळ दाबली. मी पेटलो, आणि पुन्हा विझलो. कधी कधी दिवसातून अकरा वेळा. मला तोंड नव्हते, मित्रांनो. थांबणे हीच माझी भाषा होती.

शेजारचा गेलू आला. त्याला जगातली सगळी यंत्रे कळतात.

"मावशी, म्हातारा झालाय हा. नवीन घ्या."

"तुझ्या सासऱ्याला सांग घेऊन द्यायला! माझं तीन महिन्यांचं पेन्शन जाईल त्यात."

"मग मी कशाला आहे? हे बघा, हा सेन्सर म्हणजे भित्रं कुत्रं. पान हललं तरी भुंकतं. मधून एक तार जोडली की गप्प."

"काही होणार नाही ना रे?"

"मेव्हण्याकडे दोन वर्षं तसाच चाललाय. सार्माले उकळतायत ना? सहा वाढा, हिशेब मिटला."

त्याने तार जोडली, कोबीचे सहा रोल खाल्ले, सातवाही खाल्ला आणि गेला.

आता मला थांबता येईना. निळी ज्योत पिवळी पडत गेली. ज्याला रंग नाही, वास नाही, असा विषारी वायू माझ्याच पोटात तयार होऊन खोलीत पसरत होता. ज्यांना ऊब द्यायची त्यांनाच मी हळूहळू मारत होतो, आणि ते मला कळत होते. ती बेचैनी कशी सांगू?

बाईंचे डोके दुखू लागले. सकाळी मळमळ, दुपारी ग्लानी. फोनवर त्या बहिणीला म्हणाल्या, "वारं लागलंय गं मला. कुठून येतंय तेच कळत नाही." मग त्यांनी कानाला रुमाल बांधला आणि जाकिटावर आणखी एक टॉवेल कोंबला. जितके डोके दुखे, तितके भोक घट्ट होई.

त्यातच तुदोरचा फोन आला. तपासणीची तारीख उलटली होती. मी कान देऊन ऐकत होतो.

"अरे, आता झकास चालतोय तो! सण झाल्यावर ये."

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तुदोर गल्लीतल्या दुसऱ्याच घरी आला होता. जाताजाता त्याला आमच्या स्वयंपाकघराच्या काचा दिसल्या. त्या आतून पाण्याने निथळत होत्या. गॅस जळला की पाण्याची वाफही निघते, आणि ती खोलीत साठली याचा अर्थ बाकीचेही तिथेच साठले आहे. हे त्याला दिसले आणि त्याने दार ठोठावले.

उंबऱ्यातच त्याच्या कमरेचे, विषारी वायू ओळखणारे यंत्र किंचाळले. त्याने धावत येऊन मला बंद केले आणि दारेखिडक्या सताड उघडल्या.

"अरे दार लाव!" बाई ओरडल्या. "दोन्हीकडून वारं! मारतोस का मला?"

"वाऱ्यानं कुणी मरत नाही, बाई. उठा. बाहेर चला आधी."

त्याने त्यांना कोट घालून अंगणात बसवले आणि डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी तपासले. आणखी दोन दिवस गेले असते तर, एवढेच म्हणून ते थांबले.

दुसऱ्या दिवशी तुदोरने मला उघडले. "ही तार कुणी लावली?"

"गेलूनं. सात सार्माले खाल्ले, पण तार फुकट लावून दिली."

"सात सार्माले म्हणजे फुकट?" तो म्हणाला, पण हसला नाही.

त्याने तार काढली, काजळी खरवडली, नवा सेन्सर बसवला, जाकीट बाहेर ओढले. माझी ज्योत पुन्हा निळी झाली. त्याने सगळे मोजून पाहिले.

"बॉयलर ठणठणीत आहे. हे भोक उघडं राहिलं तर आणखी पाच वर्षं सहज चालेल. राहील?"

वेतुरियाबाईंनी जमिनीवर पडलेले जाकीट उचलून हातात घेतले. मी वाट पाहत होतो. त्यांनी नुसते हो म्हणावे, असे मला वाटत होते.

"ऑरेल असता तर राहिलं असतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पाय गारठले की माझा हात आपोआप तिकडे जाईल."

तुदोरने पाना खाली ठेवला. "मग हा तुमच्या घरी नको. बंदिस्त जातीचा घ्या. तो हवा नळीनं बाहेरून ओढतो, खोलीतली घेत नाही. दुकानात एक आहे, पत्रा चेपलाय म्हणून निम्म्या किमतीत देतायत. आणि हा मला द्या, याचे भाग कामाला येतात. तेवढे पैसे वजा."

असा मी धडधाकट असताना भिंतीवरून उतरलो. मला राग आला का? आला. पण बाईंना विषाशेजारी झोपवण्यापेक्षा ते बरे होते. तुदोरने मला उचलले तेव्हा त्यांनी विचारले, "याची काही चूक नव्हती ना रे?"

"याची? हा बिचारा तर थांबत होता."

आता मी तुदोरच्या शेडमध्ये आहे. माझा पंप एका शिक्षिकेच्या घरी पाणी फिरवतो. माझा बर्नर, म्हणजे ज्योत पेटते तो भाग, एका तरुण जोडप्याच्या माझ्यासारख्याच जुन्या बॉयलरमध्ये गेला, कारण त्यांना नवा परवडत नव्हता. त्यांची जाळी उघडी असेल ना, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

मित्रांनो, तुमच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल, तर तो माझाच भाऊबंद आहे. वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून त्याला साफ करून घ्या. आणि तो सारखा विझू लागला तर त्याला शिव्या देऊ नका, पुन्हा पेटवण्याची घाई करू नका. आधी खिडकी उघडा.